हापूसची कोय लावली तर हापूस का येत नाही? (इंग्लंडमधल्या एका नर्सरीवाल्या पोराची गोष्ट)

गावच्या घरामागे आमचं एक आंब्याचं झाड आहे. हापूसचं कलम म्हणून एका नर्सरीतनं आणलेलं, पहिली दोन वर्षं कुणी नीट बघितलंच नाही, मग ते आपोआप जोरात वाढलं आणि सगळे खूश, की बघा काय जोम धरलाय. आठव्या वर्षी आंबे धरले तर निघाला रायवळ. धागेच धागे, आणि आंबट इतका की आजी म्हणाली हा पिकवूच नका, कैरीच काढा. काकांनी त्या नर्सरीवाल्याला फोनवर जे काय सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही. पुढे कळलं की फसवणूक वगैरे झालेलीच नसेल, चूक बहुतेक आमचीच होती. ती काय ते खाली सांगतो.

हे आठवायचं कारण म्हणजे दरवर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात वाशी मार्केटला मलावीचा हापूस येतो आणि आमच्या घरच्या ग्रुपवर तोच वाद परत सुरू होतो. आफ्रिकेतला आंबा हापूस कसा? कोकणातून नेलेली झाडं आहेत म्हणतात, मग खरा की डुप्लिकेट? आणि एवढंच असेल तर आपण कोय पेरून घरी का नाही करायचा?

याचं उत्तर आंब्यावरून द्यायला गेलं की भांडण होतं, देवगड-रत्नागिरी सुरू होतं. म्हणून मी सफरचंदावरून सांगणार आहे. ज्याच्याशी आपलं काही घेणंदेणं नाही असं एक आंबट इंग्लिश सफरचंद, ब्रॅमली.

एका कुंडीतल्या बिया

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमशायर म्हणून भाग आहे, तिथे साउथवेल नावाचं छोटंसं गाव. (लिहितात साउथवेल, पण बरेच लोक सदल असं म्हणतात, आणि बरोबर कुठलं यावर गावातच एकमत नाही. आपल्याकडे असं गाव नाही असं कुणी म्हणू नये.) मोठं जुनं चर्च आहे, आणि त्याच गावात चर्च स्ट्रीटवर एक साधं घर.

1809 च्या सुमारास त्या घरातल्या मेरी अॅन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने सफरचंदाच्या बिया कुंडीत पेरल्या. कसला प्रयोग वगैरे नाही, आपण सीताफळ खाऊन बी परसात टाकतो तसंच. एक रोप जगलं, मोठं झाल्यावर बागेत लावलं. 1813 मध्ये तिचं लग्न झालं, ती सासरी गेली आणि 1852 मध्ये वारली. त्या झाडाचं पुढे काय झालं हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

1846 मध्ये ते घर मॅथ्यू ब्रॅमली नावाच्या गावातल्या खाटकाने विकत घेतलं. झाड घराबरोबर फुकट आलं. म्हणजे ब्रॅमलीने ना बी पेरली ना झाड वाढवलं, पण आज अख्ख्या ब्रिटनमध्ये अॅपल पायमधल्या सफरचंदाला नाव त्याचं आहे. हे कसं झालं तर हेन्री मेरीवेदरमुळे.

सतरा वर्षांचा हेन्री

हेन्री मेरीवेदर हा साउथवेलमधल्याच नर्सरीवाल्याचा मुलगा. 1856 साली तो सतरा वर्षांचा होता. त्याला कुठल्या तरी बागेतला माळी टोपलीत सफरचंदं घेऊन जाताना दिसला, मोठी, हिरवी, जरा चपटी, अंगावर लाल पट्टे. त्याने विचारलं कुठली, कळलं ब्रॅमलीकडची. हा तडक ब्रॅमलीकडे गेला आणि म्हणाला मला या झाडाच्या काड्या द्या. ब्रॅमलीने अट घातली की काड्या ने, पण सफरचंदाला नाव माझं द्यायचं. म्हणून त्याचं पूर्ण नाव 'ब्रॅमलीज सीडलिंग', म्हणजे ब्रॅमलीकडचं बियांचं झाड.

इथे थांबून जरा बघा. हेन्रीने टोपलीतली सफरचंदं मागितली नाहीत, बियाही मागितल्या नाहीत, काड्या मागितल्या. नर्सरीवाल्याचं पोर ते, त्याला माहीत होतं की फळातून झाड नेता येत नाही.

बी लावलं तर नेमकं काय होतं?

बी म्हणजे मूल. आईचं थोडं, बापाचं थोडं, आणि दरवेळी पत्ते पिसून नवीन वाटप. सफरचंदाला तर स्वतःचे परागकण सहसा चालतच नाहीत, दुसऱ्या जातीचे लागतात, आणि ते मधमाशीने कुठल्या झाडावरनं आणले कुणास ठाऊक. म्हणजे आई नक्की, बाप अज्ञात. एका सफरचंदात पाच-सात बिया असतील तर ती पाच-सात वेगळी भावंडं आणि कदाचित वेगवेगळ्या बापांची. त्यातलं एखादं चांगलं निघतं, बाकीची आंबट, तुरट, बारकी. मेरी अॅनच्या कुंडीत जे उगवलं ती लॉटरी होती.

हापूसचंही हेच. हापूसच्या कोयीतून उगवतो तो हापूसचा मुलगा, हापूस नाही. चांगला निघाला तरी त्याला आपण रायवळच म्हणतो, आणि बरोबर आहे ते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसचा संकर करून 'रत्ना' काढला तो याच पत्ते पिसण्याचा मुद्दाम, हिशेबाने केलेला वापर. पण ते काम वर्षानुवर्षांचं आहे, परसातलं नाही.

मग कलम म्हणजे काय?

कलम म्हणजे मूल नाही, त्याच झाडाचा तुकडा. चांगल्या झाडाची एक काडी कापायची, त्याच फळाच्या दुसऱ्या कुठल्याही दणकट रोपावर चीर देऊन बसवायची आणि घट्ट बांधायची. खालच्या रोपाला खुंट म्हणतात. मुळं खुंटाची, पाणी-खत ओढायचं काम त्याचं, पण सांध्याच्या वर जे वाढतं ते सगळं काडीच्या झाडाचं, फळासकट. घर भाड्याचं, संसार स्वतःचा, असं समजा.

हेन्रीच्या काळात काड्या हिवाळ्यात झाड झोपलेलं असताना कापून ठेवायचे आणि वसंतात, खुंटात रस चढायला लागला की बांधायचे. सांध्यावर चिकणमाती, घोड्याची लीद आणि बारीक गवत एकत्र मळून लिंपायचे म्हणजे हवा लागून सांधा सुकत नाही. आज आपल्याकडे पाचर कलमाला प्लास्टिकची पट्टी गुंडाळतात त्याचंच काम ती लीद करायची. सालीच्या आत एक पातळ हिरवट थर असतो, वाढणारा, तो काडीचा आणि खुंटाचा एकमेकांना टेकला पाहिजे, बास, बाकी सगळी हातसफाई. नाही टेकला तर काडी चार दिवस हिरवी दिसते आणि मग काळी पडते.

आणि आता आमची चूक. काडी मेली तरी खुंट जिवंत असतो. तो खालून फुटतो, आणि जोरात फुटतो. ते फुटवे खुडायचे असतात. आम्ही खुडले नाहीत, उलट कौतुक केलं. आमच्या झाडाची वरची हापूसची काडी बहुधा दुसऱ्याच उन्हाळ्यात वाळली आणि आम्ही पुढची सहा वर्षं इमानेइतबारे खुंटाला शेण घातलं.

म्हणजे सगळी ब्रॅमली झाडं एकच आहेत?

हो. ऐकायला विचित्र वाटतं पण अक्षरशः हो. आज जगात जेवढी ब्रॅमलीची झाडं आहेत ती सगळी त्या चर्च स्ट्रीटवरच्या झाडाचे तुकडे, तुकड्यांचे तुकडे. यालाच क्लोन म्हणतात. क्लोन म्हटलं की लोकांना लॅब आणि डॉली मेंढी आठवते, पण माळी लोक हे दोन हजार वर्षांहून जास्त काळ सुरीने करतायत.

मधे एखाद्या फांदीत आपोआप थोडा बदल होतो, तसाही प्रकार साउथवेलमध्येच झाला. 1913 मध्ये ब्रॅमलीच्या झाडावर लाल रंगाची फळं देणारी फांदी सापडली, तिच्यावरून क्रिमसन ब्रॅमली केलं. पण हे अपवाद.

एका पोराने काड्या नेल्या म्हणून फळाची नवी जात तयार होते का?

नाही, आणि मला या गोष्टीतला खरा इंटरेस्ट इथेच आहे. चांगलं फळ देणारी रायवळ झाडं आपल्याही गावोगाव आहेत, मालकाबरोबर किंवा रस्ता रुंद करताना ती जातात. जात तेव्हा होते जेव्हा झाड अंगण सोडून चार लोकांकडे जातं आणि ते चार लोक म्हणतात, हो, हे चांगलं आहे, आणि याला अमुक म्हणायचं.

हेन्रीच्या आजूबाजूला असे लोक भरपूर होते. त्या भागात बागेचं वेड म्हणजे काय सांगू. जवळच्या कॉन्टन गावचे पाद्री सॅम्युअल रेनॉल्ड्स होल गुलाबांसाठी एवढे वेडे की 1858 मध्ये लंडनला पहिलं राष्ट्रीय गुलाब प्रदर्शन त्यांच्या खटपटीने भरलं. एकदा त्यांना नॉटिंगहॅमच्या कामगारांनी आपल्या गुलाबांच्या प्रदर्शनाला परीक्षक म्हणून बोलावलं, ईस्टरच्या दिवसांत, म्हणजे अजून थंडी असताना. होलना वाटलं कुणीतरी मस्करी करतंय, या दिवसांत कसले गुलाब? जाऊन बघतात तर एका दारूच्या गुत्त्याच्या वरच्या खोलीत बाटल्यांमध्ये फुलं मांडलेली आणि एकाहून एक सरस. छोट्या छोट्या काचघरांत वाढवलेली, आणि कडाक्याची थंडी पडली की हे लोक स्वतःच्या अंथरुणातली ब्लँकेटं नेऊन झाडांवर घालायचे. शहराबाहेर टेकडीवर भाड्याने घेतलेले जमिनीचे तुकडे असायचे, त्यातले काही बगिचे नॉटिंगहॅमच्या सेंट अॅन्स भागात आजही आहेत.

अशा लोकांच्या मधे नर्सरी चालवायची म्हणजे गिऱ्हाईक तुमच्याइतकंच शहाणं. खोटं नाव सांगून रोप विकलं तर पाच वर्षांनी फळ तोंडावर आणून टाकणार.

हेन्रीने घाई केली नाही हे त्याच्या वहीवरून दिसतं. काड्या 1856 च्या, आणि नर्सरीच्या हिशेबात पहिली विक्री 31 ऑक्टोबर 1862 ची, अप्टन हॉलच्या जॉर्ज कूपर यांना तीन ब्रॅमली, दोन शिलिंग. दोन शिलिंग म्हणजे तेव्हाच्या शेतमजुराची साधारण दिवसभराची मजुरी. पुढे 6 डिसेंबर 1876 ला लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या (बागकामाची तिकडची मोठी संस्था) फळ समितीने त्याची खास शिफारस केली. काड्या नेल्या त्याला तोपर्यंत वीस वर्षं झाली होती, पोरगं सदतीस वर्षांचा बाप्या झालेलं.

समिती कशाला लागते, फळ चांगलं तर चांगलं

कारण नावांचा गोंधळ. त्या काळात एकाच सफरचंदाला या जिल्ह्यात एक नाव आणि शेजारच्या जिल्ह्यात दुसरं, आणि एकाच नावाखाली तीन वेगळी झाडं विकली जायची. आपल्याकडे 'गावठी' या एका शब्दात किती काय काय खपतं बघा, तसंच. म्हणून 1883 मध्ये लंडनजवळ चिस्विकला सफरचंदांची मोठी परिषद भरवली, देशभरातनं फळं मागवली, टेबलांवर ओळीने मांडली आणि जाणकार लोक बसले ताडून बघत, की हे आणि ते एकच आहे का. दीड हजाराच्या वर जाती निघाल्या. ब्रॅमलीही त्यात मांडलेलं होतं, आणि तिथून त्याचं नाव देशभर झालं. पुढच्याच वर्षी, 1884 मध्ये, मेरीवेदरकडची झाडं समुद्र ओलांडून आयर्लंडमध्ये आर्मा भागात गेली.

फळात एवढं काय होतं? खायला म्हणाल तर दात आंबतात. पण शिजवलं की विरघळून फेसासारखं हलकं होतं आणि आंबटपणा टिकतो, त्यामुळे साखर घातली तरी गुळमट लागत नाही. तिकडे खायचं सफरचंद वेगळं आणि शिजवायचं वेगळं, आपण लोणच्याला राजापुरी कैरी घेतो आणि खायला हापूस, तसं. शिवाय झाड भरभरून धरतं आणि फळ नीट ठेवलं तर हिवाळा काढतं. फ्रीज नव्हते तेव्हा हा गुण सोन्याचा.

मग हेन्री करोडपती झाला असेल!

नाही हो. तेव्हा झाडाच्या जातीवर कुणाचा हक्क वगैरे काही नव्हता. तुम्ही मेरीवेदरकडनं एक झाड दोन शिलिंगाला घ्या, दोन वर्षांनी त्याच्या पन्नास काड्या कापा, पन्नास झाडं विका, कायद्याने कुणी विचारणारं नाही. अमेरिकेत झाडांचं पेटंट 1930 मध्ये आलं, ब्रिटनमध्ये नव्या जातींचे हक्क 1964 च्या कायद्याने, आपल्याकडे 2001 चा कायदा आहे, ज्यात शेतकऱ्यालाही आपली जपलेली जात स्वतःच्या नावावर नोंदवता येते. हे फार लोकांना माहीत नसतं म्हणून मुद्दाम सांगितलं.

हेन्रीकडे विकायला फक्त एकच गोष्ट जास्तीची होती, ती म्हणजे भरवसा, की याच्याकडचं ब्रॅमली हे ब्रॅमलीच असतं. ब्रॅमलीला नाव मिळालं, मेरी अॅनला काहीच मिळालं नाही, हेन्रीला मिळालं लांब आयुष्य आणि चालती नर्सरी. 1932 मध्ये तो त्र्याण्णव वर्षांचा होऊन गेला.

मूळ झाड मेलं तर सगळी मरणार का?

ही शंका अडाणी नाही बरं का. टॉमस अँड्र्यू नाइट म्हणून तिकडचा मोठा फळतज्ज्ञ होता, हॉर्टिकल्चरल सोसायटीचा अध्यक्षच, त्याचं ठाम मत होतं की जातीला वय असतं, मूळ झाड म्हातारं झालं की त्याची कलमंही कुठेही असली तरी थकतात आणि मरतात. जुन्या जाती खरंच खंगत होत्या त्यामुळे लोकांना पटायचं. पण ते म्हातारपण नव्हतं, रोग होते, काडीबरोबर एका झाडातून दुसऱ्यात जाणारे. आजारी आजोबांच्या घरातली खोकल्याची साथ सगळ्यांना लागली म्हणून सगळे म्हातारे होत नाहीत.

ब्रॅमलीचं मूळ झाड 1900 च्या वादळात आडवं झालं. गेलं म्हणून सोडून द्यायचं ना, पण पडलेल्या खोडानेच जमिनीत मुळं धरली आणि पुन्हा उभारी घेतली. आता त्याला मुळं कुजवणारी मधबुरशी लागलीय आणि ते हळूहळू चाललंय, बातम्या येत असतात. नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाने त्याची देखभाल केली. झाड गेलं तरी ब्रॅमली संपणार नाही, कारण वर म्हटलं तसं प्रत्येक कलम म्हणजे तेच झाड, नव्या मुळांवर तरुण.

मग टिश्यू कल्चर कशाला केलं?

1990 च्या दशकात नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी मूळ झाडाच्या कोवळ्या शेंड्यांपासून बाटलीत रोपं केली, आपली जळगावची टिश्यू कल्चर केळी करतात त्याच पद्धतीने. कलमांची कलमं करत दीडशे वर्षांत मधे काय काय रोग आणि बारीक बदल शिरले असतील, म्हणून थेट मूळ झाडाचीच प्रत ठेवायची होती. आणि या रोपांना खुंट नाही, मुळंही ब्रॅमलीचीच.

बिया का नाही जपल्या असं कुणी विचारेल, तर ब्रॅमलीत ते जास्तच अवघड. पेशीत गुणसूत्रं असतात, गुणांच्या वह्या समजा. साध्या सफरचंदात 34, म्हणजे सतरा जोड्या. ब्रॅमलीत 51, म्हणजे सतरा तिकड्या. बी किंवा पराग तयार होताना जोड्या फुटून अर्ध्या-अर्ध्या वाटल्या जातात. फुगडीला दोघी लागतात, प्रत्येक ठिकाणी तिसरी उभी राहिली तर सगळा घोळ. त्यामुळे ब्रॅमलीचे पराग जवळजवळ निकामी, त्याला दुसऱ्या झाडाचे लागतात, आणि त्या दुसऱ्याला ब्रॅमली काहीच परत देऊ शकत नाही म्हणून तिसरंही लावावं लागतं. एकच क्लोन सगळीकडे लावला तर एका रोगात सगळं जाईल ही भीती खरी आहे, पण ब्रॅमली लावणाऱ्याला इतर जाती ठेवणं झाडच भाग पाडतं.

आता मलावीचा हापूस खरा का?

काडी कोकणातल्या हापूसची असेल तर झाड हापूसच, यात वाद नाही. पण माती, हवा, ऊन वेगळं, म्हणून चव तीच असेलच असं नाही. जात आणि जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागेसाठी वेगळा कायदा, भौगोलिक मानांकन, 2018 मध्ये कोकणातल्या हापूसला मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर. गंमत म्हणजे 1884 ला आर्मात गेलेल्या त्या ब्रॅमलीलाही 2012 मध्ये 'आर्मा ब्रॅमली' म्हणून असंच मानांकन मिळालंय, झाड साउथवेलचं असूनसुद्धा. तेव्हा ग्रुपवर भांडताना आधी ठरवा, जातीबद्दल भांडताय की जागेबद्दल.

आणि कलम घ्यायला गेलात तर पानं बघू नका, वाकून सांधा बघा. बुंध्याजवळ गाठ किंवा तिरकी खूण दिसली पाहिजे, आणि हिरवा शेंडा त्या गाठीच्या वरून निघालेला पाहिजे. घरी लावल्यावर गाठीच्या खालून जे फुटेल ते नखाने खुडून टाकायचं, कोवळं असतानाच. गाठ मातीत गाडायची नाही.

आमचं झाड अजून आहे. जुन्या रायवळाच्या फांद्या छाटून नव्या फुटव्यांवर हापूसच्या काड्या भरता येतात, मी चौकशीही करून ठेवलीय. पण आजी तयार नाही. मे महिन्यात त्याच्या कैऱ्यांचं लोणचं घातलं तर पुढच्या मेपर्यंत फोड करकरीत राहते म्हणते, आणि तसं लोणचं बाजारच्या कैरीचं होत नाही. शेजारच्या दोन घरांतनंही आता त्या कैऱ्या मागून नेतात.